बत्तीस अंशांचा रकाना

इस्पितळाच्या तळघरात, धोबीखाना आणि मोडक्या खाटांचं गोदाम यांच्या मधे एक खोली आहे. दारावर भली लांबलचक पाटी आहे, ती आजवर कुणी शेवटपर्यंत वाचलेली नाही. शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘करंटची खोली’ म्हणतात आणि आत बसणाऱ्या माणसाला ‘करंटमामा’.

मामा एक्कावन्न वर्षांचे. उंची बेताची, आवाज उंचीला न शोभणारा. हात मात्र बघून घ्यावेत असे: रुंद, कोरडे आणि बारा महिने उबदार. माणसाच्या डोक्यातून आणि नसांमधून जी वीज वाहते ती मोजायची, हे त्यांचं काम. बावीस वर्षं तेच करतायत.

पेशंट आला की आधी खुर्चीत बसवून त्याची शिकवणी घेतात. “हे बघा, मेंदू म्हणजे वीजघर. पाठीच्या कण्यातून मोठी लाइन निघते, तिच्यातून हातापायाला वायरी जातात. दिवा लागत नसेल तर तीनच भानगडी असतात. वीजघर बिघडलंय, वायर बिघडलीय, नाहीतर दिवाच गेलाय. नेमकं काय ते मी शोधणार. दुरुस्ती वरच्या मजल्यावर.”

“शॉक लागेल का हो मामा?”

“सासू आहे का तुम्हाला?”

“आहे ना.”

“मग काही जाणवायचं नाही.”

माणूस हसतो, हात ढिला पडतो, आणि तेवढ्यात मामांनी पहिला झटका देऊनही टाकलेला असतो.

डोक्याची तपासणी असली तर कवटीवर शर्टाच्या बटणाएवढ्या एकवीस वाट्या चिकट लेपानं बसवायच्या. मग म्हणायचं, “डोळे मिटा.” मिटले की पडद्यावर डोक्याच्या मागच्या बाजूनं एक संथ, एकसारखी लाट सुरू होते, उघडले की पळून जाते. इतक्या वर्षांनंतरही मामा त्या लाटेकडे नव्यानं बघतात. स्नायूत सुई घातली तर मशीनच्या भोंग्यातून स्नायूचा आवाज येतो. धडधाकट स्नायू ढिला सोडला की गप्प बसतो, आवळला की ताडपत्रीवर सरी पडाव्यात तसा वाजतो. ज्याची नस मेलीय तो स्नायू ढिला सोडला तरी आपला आपण टिकटिकत राहतो, मालक गेलेल्या घरातल्या घड्याळासारखा.

आणि तिसरी तपासणी नसेच्या वेगाची. मनगटाशी झटका द्यायचा, अंगठ्याच्या उंचवट्यावर चिकटवलेल्या पट्टीत त्याची लाट किती मिलिसेकंदांनी उगवते ते बघायचं. मग कोपराशी झटका, मग फीत लावून अंतर. हिशेब होतो सेकंदाला इतके मीटर. हाताची चांगली नस पन्नासच्या वर धावते.

यात एकच मोठी मेख आहे. गार नस हळू चालते. हातपाय थंड पडले असतील तर ठणठणीत माणूसही मशीनला आजारी दिसतो. मामांच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “गार हात खोटी साक्ष देतो. आधी ऊब, मग झटका.” म्हणून तपासणीच्या कागदावर अगदी वरचा रकाना असतो तो त्वचेच्या तापमानाचा. बत्तीस अंशांच्या खाली असेल तर पेशंटचे हात कोमट पाण्याच्या टबात बुडवायचे, पायांवर गरम टॉवेल टाकायचे, वीस मिनिटं थांबायचं. तोवर मशीनला हात लावायचा नाही.

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर त्वचेच्या थर्मामीटरची वायर तुटली.

मामा भांडारात गेले. भांडारपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, “नुसती वायर येत नाही. अख्खं यंत्र मागवावं लागतं. मागणी गेलीय.”

“कुठं गेलीय?”

“वर.”

“वर म्हणजे?”

“देवाकडे नव्हे हो, दुसऱ्या मजल्यावर. पण परत यायला वेळ तेवढाच लागतो.”

मामा खाली आले. त्यांच्या हाताखाली एक टेक्निशियन बाई आहेत, पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “यंत्र येईपर्यंत रकाना कोरा ठेवू या का?”

“कोरा ठेवला की वरून फोन येतो. आणि हा कशाला आहे?” मामांनी पंजा पुढे केला. “लेकराचा ताप कळायला आईला थर्मामीटर लागतो का? माझ्या हाताला गार लागला तर गरम करू. नाही लागला तर बत्तीस.”

बाईंना ते पटलं नाही, पण त्या गप्प बसल्या. मामांचा हात चुकत नाही हे त्यांनीही पाहिलेलं होतं. सात आठवडे असे गेले. हात हातात घ्यायचा, गार असेल तर टब, नसेल तर वरच्या रकान्यात ‘३२’. पुढे पुढे मामा कागद समोर ओढता ओढताच तो आकडा टाकायला लागले.

*

मामांची ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. आईवडील दोन वर्षांच्या अंतरानं गेले तेव्हा मामा अकरा वर्षांचे होते आणि ताई अठराची. तिनं चार घरची भांडी घासली, कपडे धुतले, आणि धाकट्याला शिकवलं. पुढे ती मासळी गोठवण्याच्या कारखान्यात लागली. एकतीस वर्षं एकाच लांब टेबलापाशी उभी राहून तिनं कोळंबी निवडली. बर्फाच्या पाण्यातून ओंजळ उचलायची आणि लहान, मध्यम, मोठी अशी तीन ट्रेमध्ये टाकायची. टेबलाच्या टोकाची पहिली जागा तिची. तिथं जी उभी असते तिच्या हाताच्या वेगानं बाकीच्या अठराजणींचे हात चालतात, अशी त्या टेबलाची रीत. ताई शिंकली तरी ओळ थांबते, असं बायका म्हणायच्या. ताईला ते आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही.

नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ती पहिली जागा हाच तिचा संसार म्हणा.

त्या थंडीत तिची बोटं झिणझिणायला लागली. मध्यम कोळंबी मोठीच्या ट्रेत पडायला लागली. दोनदा हातून ट्रे सुटला. मग एक दिवस दुपारी पाळी सुटल्या सुटल्या, रबरी बुटांतून ओले पाय काढून चपलांत सरकवून, ती थेट करंटच्या खोलीत आली.

बाहेर बाकावर नऊजण होते. मामांनी तिला दोघांच्या मधेच आत घेतलं.

“अरे, नंबराचे लोक ओरडतील.”

“ओरडू देत. तू बस. आवाज करू नको म्हणजे झालं.”

“तू लहानपणी इंजेक्शनला गाव गोळा करायचास, मी नाही.”

कोमट पाण्याच्या टबात पुढच्या पेशंटचे हात बुडवून ठेवलेले होते. मामांनी ताईचा हात हातात घेतला, स्पिरिटनं पुसला, पट्ट्या चिकटवल्या. कागद ओढला, वर आकडा टाकला, काम सुरू केलं. उजवा हात, डावा हात, मग दोन्ही पाय. ताई प्रत्येक झटक्याला “हं” म्हणत होती, जणू कुणी हाक मारत होतं.

मामांचं बोलणं मधेच बंद पडलं. हाताचा वेग छत्तीस आला. दुसरा सदतीस. पायांचे अठ्ठावीस, एकोणतीस. चारही ठिकाणी लाट उशिरा. वायरीवर जसं रबर असतं तसं नसेवरही आवरण असतं. ते झिजलं की असे आकडे येतात, आणि अशी माणसं काही वर्षांत काठीवर आलेली मामांनी पाहिलेली होती.

“काय रे, बरं आहे ना?”

“डॉक्टर सांगतील.”

“म्हणजे बरं नाही.”

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कागद बारकाईनं पाहिला. वरचा आकडा पाहिला, खालचे पाहिले. नसांच्या आवरणाचा आजार असावा म्हणाले, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या भरपूर मात्रेत सुरू केल्या. थंडीपासून लांब राहा, असंही सांगितलं. कारखान्याच्या नर्सनं तो रिपोर्ट वाचला आणि त्याच दिवसापासून ताईला टेबलापाशी उभं राहू दिलं नाही.

*

वीस दिवसांनी, एका रविवारी, मामा बहिणीकडे गेले. दार उघडलं ती ताई त्यांना क्षणभर ओळखूच आली नाही. चेहरा सुजून गोल झालेला, डोळ्यांखाली काळं. गोळ्यांनी रक्तातली साखर चढली होती. झोप नव्हती, आणि झोप नाही म्हणून तिनं भिंती पुसून काढल्या होत्या. शेजारीण बसली होती. तिला ताई प्लॅस्टिकच्या पिशवीतला रिपोर्ट दाखवत होती.

“माझ्या भावानं काढलाय. त्याचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.”

“तब्येत बरी दिसते गं तुझी, अंग भरलंय,” शेजारीण म्हणाली.

“फुग्यात हवा भरली की फुगाही बरा दिसतो.” शेजारीण गेल्यावर ताई मामांना म्हणाली, “धाकट्या, या आठवड्यात कागद करायचाय. जागा सोडल्याचा. सही दिली की संपलं.”

“घाई कशाला करतेस?”

“घाई मी नाही, ते करतायत. ओळ अडलीय. पहिल्या जागेवर कुणीतरी लागतं ना!” तिनं आपली बोटं एकदा उघडमीट करून बघितली. “तू म्हणालास म्हणून मी मानलं हं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर भांडले असते.”

सोमवारी दुसऱ्या मजल्यावरून नवं थर्मामीटर आलं.

पहिला पेशंट पहाटे घरोघर दूध टाकणारा होता, स्कूटरवरून थेट आलेला. यंत्र लावलं तर त्याचा हात चोवीस अंश. बाई म्हणाल्या, “मामा, गरम करायच्या आधी एकदा बघू या? मी गार हाताचा आलेख प्रत्यक्ष कधी पाहिलाच नाही.”

“बघा की.”

झटका दिला. लाट उशिरा आली, पण आली ती फुगून, उंच, रुंद. मग दूधवाल्यानं वीस मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवले, बत्तीस झाले, पुन्हा झटका दिला. आता लाट वेळेवर आली आणि आधीपेक्षा बुटकी.

“केवढी उंच आली होती नाही आधी?” बाई म्हणाल्या.

मामा उठले. कपाटातून ताईची फाइल काढली आणि खिडकीपाशी, जिथून फक्त रस्त्यावरच्या लोकांचे पाय दिसतात, तिथं उभे राहिले. आवरण खरंच झिजलं असेल तर लाट उशिरा येते आणि खचलेली, विस्कटलेली येते. ताईची प्रत्येक लाट उशिरा होती. आणि प्रत्येक लाट उंच होती, दूधवाल्याच्या पहिल्या लाटेसारखी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानंही ओळखावं असं ते चित्र होतं. वर रकान्यात त्यांच्याच वळणदार अक्षरात ‘३२’ होतं.

साप साप म्हणून भुई धोपटणं चाललं होतं, आणि ती भुई म्हणजे ताई.

त्याच वेळी जिना चढून गेले असते तर गोष्ट निराळी झाली असती. मामा गेले नाहीत. त्यांनी फाइल होती तिथं ठेवली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? आकडा मोजलेला नव्हता हे सांगायचं. मग पुढचा प्रश्न येणार, बाकीच्यांचे मोजले होते का? बावीस वर्षांत त्यांच्या एकाही रिपोर्टावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मंगळवारी त्यांनी दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत फिरण्यात दिवस घालवला. तिसऱ्यांदा चढले तर डॉक्टर राउंडला गेले होते, आणि मामांना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मग त्यांना शिसारी आली.

बुधवारी जेवताना बायको म्हणाली, “अहो, ताटात बघा, भिंतीत काय आहे?”

मामांनी तिला सगळं सांगितलं.

“ताईंना गोळ्या चालूच आहेत अजून?”

“आहेत.”

“आणि तुम्ही दोन दिवस तोंडात मूग धरून बसलात.”

“एकदम बंद करता येत नाहीत त्या गोळ्या. डॉक्टरांनाच विचारायला हवं.”

“मग विचारा! उद्या सकाळी नऊच्या आत तुम्ही सांगणार, नाहीतर सव्वानऊला मी तिथं उभी असेन. माझा आवाज तुम्हाला माहितीय.”

*

डॉक्टरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले. दूधवाल्याचा गार हात आणि ताईचा.

“उंची मलाही दिसली होती,” ते म्हणाले. “पण वर बत्तीस होतं, म्हणून मी ती शंका सोडून दिली. बत्तीस कुणी लिहिलं?”

“मी.”

“मोजलं होतं?”

“नाही. वायर तुटली होती. हातानं बघून लिहायचो.”

“लिहायचो म्हणजे? असे किती आहेत?”

मामांना हा प्रश्न तीन दिवस ऐकू येत होता. “सात आठवड्यांतले सगळे. एकशे तेहेतीस.”

डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, “सगळ्यांना परत बोलवावं लागेल. फोन तुम्ही करायचे, आणि कारण खरं सांगायचं. ताईंना आजच आणा. मात्र तपासणी बाई करतील. तुम्ही बाहेर थांबा.”

दुपारी ताई आली. मामांनी तिला दारातच अर्धंमुर्धं सांगितलं, “आधीची तपासणी नीट झाली नव्हती, परत करायचीय,” आणि बाईंकडे सोपवलं. मग बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत बसले. बावीस वर्षांत त्या बाकावर ते प्रथमच बसत होते. दाराआडून झटक्यांची टिकटिक ऐकू येत होती आणि मधेमधे ताईचं “हं”.

तासाभरानं बाई बाहेर आल्या. “हाताचा वेग पंचावन्न, छप्पन. पायांचाही उत्तम. आवरणाला काही झालेलं नाही, मामा. फक्त दोन्ही मनगटांत मधली नस दबलीय. झिणझिण्या त्याच्याच. मनगटाला पट्टा बांधायचा, नाहीच भागलं तर छोटं ऑपरेशन.”

मामा आत गेले. ताई टबाशेजारी बसून टॉवेलनं बोटं एकेक करून पुसत होती.

“बाईंनी सांगितलं,” ती म्हणाली. “नसा चांगल्या आहेत म्हणे माझ्या.”

“हो.”

“मग मला झालं काय होतं?”

“हात गार होते ताई. पायही. तू बर्फातून उठून आली होतीस. मी ते मोजलं नाही. न मोजता आकडा लिहिला.”

“बाईंनी तर आज माझा हात धरल्या धरल्या म्हटलं, अगं बाई, किती गार! त्यांना कळलं, तुला नाही कळलं?”

मामा तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. “तुझा हात मला कधी उबदार लागलेलाच आठवत नाही. लहानपणी तू भांडी घासून यायचीस आणि माझं तोंड धुवायचीस तेव्हापासून. मला वाटलं... वाटलं असंही नाही. तुझा हात असाच असतो.”

ताईनं टॉवेलची घडी घालून ती मांडीवर ठेवली. मग तिचा सुजलेला चेहरा हळूहळू कठीण होत गेला.

“तुला कळलं कधी हे?”

“सोमवारी.”

“आज कुठला वार?”

“गुरुवार.”

“सही मी काल केली, धाकट्या. काल दुपारी.” तिचा आवाज चढला नाही. “रविवारी तुझ्यासमोर बोलले होते मी. या आठवड्यात कागद करायचाय म्हणून. ऐकलं होतंस ना?”

“ऐकलं होतं.”

“त्या दिवशी हात गार लागला नाही हे मी समजून घेईन एक वेळ. हे सोमवार ते गुरुवार मी कुठं ठेवू?”

*

शुक्रवारी दोघं कारखान्यात गेले. मामांना बरोबर यायला तिनं सांगितलं नव्हतं, आणि नकोही म्हटलं नव्हतं. कारकुनाच्या खिडकीबाहेर दुसऱ्या विभागातल्या दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी ताईला पाहून, “काय गं, हवापालट मानवलेला दिसतो,” म्हटलं आणि मग तिचा चेहरा जवळून पाहून गप्प झाल्या.

कारकुनानं दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले. “इस्पितळ एक, पेशंट एक, महिना धड मधे गेला नाही. एकात नसा खलास, एकात झकास. यातला खरा कुठला म्हणायचा?”

ताईनं मामांकडे बघितलं नाही. ती खिडकीच्या गजांकडे बघत होती.

“दुसरा खरा,” मामा म्हणाले. “पहिला मी चुकवलाय.”

“तुम्ही कोण?”

“तो काढणारा. आणि हिचा भाऊ.”

“मग तर झालंच! भाऊ बहिणीसाठी काय वाटेल ते सांगेल.”

“बहिणीसाठी काही केलं असतं तर इथं यायची वेळ आली नसती,” मामा म्हणाले. “कागद द्या. लिहून देतो.”

त्यांनी उभ्या उभ्या लिहिलं. तापमान मोजलेलं नव्हतं, आकडा मी अंदाजानं टाकला, चूक माझी, पेशंट कामाला लायक आहे. खाली नाव, हुद्दा, इस्पितळाचं नाव. कारकुनानं ते वाचलं आणि पहिल्यांदा नीट वर बघितलं. “हे इथल्या फायलीत राहणार हं कायमचं. तुमच्याकडेही एक प्रत जाईल.”

“जाऊ द्या.”

व्यवस्थापकांनी ताईला एकटीला आत बोलावलं. मामा बाहेर उभे राहिले. काचेच्या दारापलीकडे लांब टेबल दिसत होतं. वाफाळणारा बर्फ, पांढऱ्या टोप्या, हलणारे हात. टोकाच्या जागेवर एक तिशीची बाई उभी होती आणि बाकीच्यांचे हात तिच्या हाताबरोबर चालले होते. थोडे अडखळत, पण चालले होते.

ताई अर्ध्या तासानं बाहेर आली आणि थेट फाटकाकडे चालू लागली. मामांनी तिला गाठलं.

“काय म्हणाले?”

“खोक्यांच्या खोलीत ये म्हणाले, पुढच्या महिन्यापासून. कोरडी खोली आहे. खोकी दुमडायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या.”

“म्हणजे काम राहिलं तर! आणि टेबलाचं? पुढे कधी...”

“सही बुधवारी झाली, गुरुवारी सकाळी ती उभी राहिली. आता तिला काय म्हणून उठवायचं? ती काय चुकली?”

बस आली. दोघं शेजारी शेजारी बसले, कारण दुसरी जागाच रिकामी नव्हती. ताईनं पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं, डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू उतरवायचा जो नवा कागद दिला होता तो उलगडला, आणि ओठ हलवत मनाशी वाचू लागली. आज चार, आठ दिवसांनी तीन. चार-पाच थांबे मागे पडले.

“ते बाकीचे लोक,” ती कागदावरून नजर न काढता म्हणाली, “ज्यांना परत बोलवायचंय ते. त्यांना फोन केलेस?”

“काल सुरू केले. अकरा झाले.”

“काय म्हणतात?”

“एकजण रडायला लागला. त्याला वाटलं, आणखी वाईट काही निघालं. एकीनं शिव्या घातल्या.”

“चांगल्या घातल्या का?”

“चांगल्या घातल्या.”

“आणि गोळ्या खाणारे आहेत त्यात? माझ्यासारखे?”

“तिघं आहेत. त्यातल्या दोघांचे फोन लागत नाहीयेत.”

ताईनं कागद घडी करून पिशवीत टाकला. “लागत नाहीत तर घरी जा त्यांच्या. पत्ते असतील ना तुझ्याकडे?”

“आहेत. इस्पितळात, रजिस्टरमध्ये.”

“मग इथं माझ्याशेजारी बसून काय करतोयस? इस्पितळाचा थांबा पुढचाच आहे ना? ऊठ.”

“तुला घरापर्यंत सोडतो आणि...”

“मी काही आजारी नाही,” ताई म्हणाली. “ऊठ म्हणते ना.”

तिनं पाय आखडून वाट करून दिली. मामा उठले, दांडी धरून दाराशी आले, आणि बस थांबायच्या आतच उतरून इस्पितळाच्या दिशेनं झपाझप चालू लागले.